गूगलचं पान बदललं, आपल्या वेबसाइटचं काय?

मैत्रिणींनो, गटाची वेबसाइट तीच, माल तोच, फोटोही तेच. मग वेबसाइटवर येणारी माणसं कमी का होतात? लगेच वाटतं, आपण मागे पडलो. दर वेळी तसं नसतं. कधी आपण जागच्या जागीच असतो आणि गूगलनं आपलं पान वेगळं मांडलेलं असतं.

पूर्वी गूगलवर काही शोधलं की निळ्या अक्षरांत दहा नावं एकाखाली एक यायची. त्या यादीत वर दिसावं म्हणून वेबसाइटवर जी मेहनत घेतात, तिला एसईओ म्हणतात. यादी आजही आहे, पण बऱ्याचदा ती खाली सरकते. वर जाहिराती, नकाशा, व्हिडिओ येतात. ऑगस्ट २०२४ पासून भारतात काही प्रश्नांना एआयनं तयार केलेला सारांशही सगळ्यात वर दिसू लागला. मोबाइलचा पडदा तो केवढा! यादीत पहिल्या असलो तरी बोट दोन-तीनदा सरकवल्याशिवाय आपलं नाव दिसत नाही.

कुरडईचंच घ्या. कुणी शोधलं, 'कुरडई कशी करतात?' गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाटून चीक काढा, शिजवा, सोऱ्यातून घाला, हे सगळं तिथल्या तिथेच वाचायला मिळालं, तर ती बाई आपल्या वेबसाइटवर कशाला येईल? पण तिनं 'कुरडई विकत कुठे मिळेल' असं शोधलं, तर तिला दुकान हवंय, फोन नंबर हवाय. तिथे बहुतेक वेळा नकाशा आणि त्याखाली तीन नावं येतात. आपली खरी गिऱ्हाईक ही दुसरी. म्हणून नुसत्या कृती लिहीत बसू नका. आपल्या कुरडईचा भाव, पाकिटाचं वजन, किती दिवस टिकते, पार्सल कुठे पाठवता, हे लिहा. ते आपल्यालाच ठाऊक असतं.

आता तपासायचं कसं? 'गूगल सर्च कन्सोल' फुकट आहे. वेबसाइट करून देणाऱ्याकडून ते जोडून घ्या आणि त्याचा ताबा गटाच्या ईमेलवर ठेवा. त्यात दोन आकडे बघा. इम्प्रेशन म्हणजे आपलं नाव शोधात किती वेळा आलं, आणि क्लिक म्हणजे कितीजण आत आले. समजा, मागच्या महिन्यात नाव हजारदा आलं आणि पन्नासजण आत आले. या महिन्यातही हजारदाच आलं, सरासरी क्रमांकही तोच, पण आत वीसच आले. मग बहुधा पानाची मांडणी बदलली आहे. तेच शब्द मोबाइलवर स्वतः शोधून बघा, वर काय आलंय ते कळेल. नाव येणंच कमी झालं असेल तर आधी हंगाम बघा (वाळवणाची चौकशी पावसाळ्यात थोडीच होणार!) आणि मग वेबसाइटकडे वळा.

हे बघितल्याशिवाय 'महिन्याला इतके द्या, पहिल्या नंबरवर आणतो' म्हणणाऱ्याला गटाचा एक रुपयाही देऊ नका. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतःच सांगतं.

नकाशात दिसायला 'गूगल बिझनेस प्रोफाइल' लागतं. तेही फुकट. गिऱ्हाइकाशी प्रत्यक्ष गाठ पडत असेल तरच ते काढता येतं. विक्री फक्त ऑनलाइन असेल तर नाही. घरून माल पोचवत असाल तर घराचा पत्ता लपवता येतो. शोधाशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक या तीन गोष्टींवर गूगल तिथली नावं लावतं. अंतर आपल्या हातात नाही. पण धंद्याचा प्रकार, वेळ, फोन नंबर अचूक भरणं आहे. पाकिटावर एक नंबर आणि प्रोफाइलवर दुसरा, असं नको.

या प्रोफाइलसोबत पूर्वी फुकट वेबसाइट मिळायची. गूगलनं त्या मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. पिशव्यांवर 'बिझनेस डॉट साइट'नं संपणारा पत्ता छापलेला असेल तर पुढच्या छपाईत बदला.

आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना प्रोफाइलवर अभिप्राय लिहायला जरूर सांगा. मात्र त्याबदल्यात सूट किंवा जास्तीचं पाकीट देऊ नका. गूगलच्या नियमात ते बसत नाही आणि असे अभिप्राय काढून टाकले जातात.