संगणकाचा ताप

कुकडी नदीच्या काठी वसलेले ओझर हे जुन्नर तालुक्यातील गाव श्रीविघ्नहराचे क्षेत्र म्हणून महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. जवळच येडगावचे धरण असल्याने शिवार हिरवे दिसते. पण चैत्र-वैशाखातील दुपारचे ऊन येथेही अंग भाजून काढते. अशाच एका उन्हाळ्यात या परिसरातील एका शाळेत घडलेली ही हकीकत आहे. तेव्हा मी तेथे मुख्याध्यापक होतो.

शाळेत एक जुना संगणक होता. वार्षिक परीक्षेचे गुण त्यात भरण्याचे काम चालू होते आणि निकाल दोन दिवसांवर आला होता. सकाळी संगणक निमूटपणे काम करी. दुपारी मात्र अचानक बंद पडे आणि भरलेले गुण नाहीसे होत. कोणी विजेला दोष दिला. कोणी म्हणाले, "म्हातारा झाला, भंगारात काढा." परंतु नवा घेण्याइतके पैसे शाळेपाशी नव्हते.

इतक्यात सातवीतील एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, माणूस आजारी पडला की आपण तापमापक लावतो. संगणकाचा ताप मोजता येत नाही का?"

मुलांनो, तो मोजता येतो! संगणकाची सारी आकडेमोड प्रोसेसर नावाच्या लहानशा भागात होते. त्यात विजेची कोट्यवधी सूक्ष्म बटणे असतात. त्यांतून वीज वाहिली की उष्णता निर्माण होते. २००० नंतरच्या काही पेंटियम ४ प्रोसेसरांना १०० वॅटहून अधिक वीज लागे. शंभर वॅटच्या दिव्याची उष्णता नखाएवढ्या जागेत कोंडली तर काय होईल, याची कल्पना करा. ती बाहेर काढण्यासाठी प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा बसवतात. ठोकळा व प्रोसेसर यांमध्ये उष्णतावाहक मलमाचा पातळ थर असतो.

प्रोसेसरच्या पोटातच एक इवलासा डायोड असतो. उष्णता वाढली की त्याच्यावरील विद्युत्‌दाब किंचित उतरतो. त्यावरून संगणक अंश काढतो व पडद्यावर दाखवतो. तापमान मर्यादेबाहेर गेले, तर जळून जाण्यापूर्वी यंत्र स्वतःच बंद होते.

आमच्या शिक्षकांनी पडद्यावर तो आकडा आणला. भिंतीवर साधा तापमापक टांगला. त्या मुलीने वहीत दोन्ही आकडे टिपले. सकाळी खोली २४ अंश, प्रोसेसर ५६. दुपारी खोली ३८, प्रोसेसर ७२. काम वाढताच आकडा ९० च्या पुढे चढला आणि संगणक बंद पडला.

"ऊन भोवले!" सारे म्हणाले. मुलीने मात्र वजाबाकी केली. सकाळचा फरक ३२ अंश, दुपारचा ३४. म्हणजे रोग सकाळीही होताच. उन्हाने तो फक्त उघडा पाडला.

शिक्षकांनी वीज बंद केली, तार काढली आणि पेटी उघडली. पात्यांवर धुळीची जाड गोधडी बसली होती. मलम वाळून गेले होते. मऊ कुंचल्याने धूळ झाडली, जुने मलम पुसून नवे लावले. दुसऱ्या दिवशी दुपारी खोली पुन्हा ३८ अंशांवर होती. प्रोसेसर मात्र ५७ वर! फरक १९ वर आला. निकाल वेळेवर लागला.

ओझरहून फार दूर नसलेल्या खोडद येथे रेडिओ दुर्बिणीचे केंद्र आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातील संकेत टिपतात आणि तेथील संगणक त्यांची जुळणी करतात. शाळेतला जुना संगणक असो वा आकाशाचा वेध घेणारा असो, नियम एकच : विजेने काम केले की उष्णता होणारच, आणि ती बाहेर नेलीच पाहिजे.

म्हणून एखादी वस्तू टाकून देण्यापूर्वी तिची नाडी पाहावी. अंदाजाने दोष देणे सोपे असते. मोजून दोष शोधणे हेच खरे शहाणपण होय.

अभ्यास

१. संगणक दुपारीच का बंद पडत असे?
२. मुलीने दोन्ही आकड्यांची वजाबाकी का केली?
३. खोली ३० अंश असताना साफ केलेल्या संगणकाचा प्रोसेसर सुमारे किती अंशांवर असेल?
४. 'नाडी पाहणे' या शब्दप्रयोगाचा वाक्यात उपयोग करा.