आमच्या बांधावरचा माका

सातपाटी म्हटली की सगळ्यांना पापलेट आठवते. पाल्याची आठवण कोणाला होत नाही! पण शिरगावकडे जाताना भाताच्या बांधावर किंवा नळाजवळच्या ओलीत पाहा. हातभर उंचीचे, तांबूस देठाचे, खरखरीत पानांचे एक झुडूप दिसेल. तो माका.

संस्कृतात त्याला भृंगराज, केशराज आणि मार्कव म्हणतात. मार्कवचाच माका झाला. गुजरातेत भांगरो. शास्त्रीय नाव एक्लिप्टा प्रोस्ट्रेटा, कुळ सूर्यफुलाचे. झेंडू, शेवंतीही त्याच घरातली. सूर्यफूल केवढे आणि माक्याचे फूल केवढे! शर्टाच्या बटणाएवढेही भरत नाही. पण भिंग लावून बघा. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो पुष्कळ फुलांचा घोळका असतो. कडेला बारीक पांढऱ्या पाकळ्यांची फुले, मध्ये नळीसारखी फुले. प्रत्येकाला एकेक बी.

पुष्कळजण एकदांडीलाच माका समजतात. एकदांडीचे फूल लांब दांडीवर एकटेच डुलते, मध्यभागी पिवळे असते आणि तिच्या बीला पिसे असतात, म्हणून ते उडते. माक्याच्या बीला पिसे नसतात. एक्लिप्टा हे नावसुद्धा 'उणे असणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले आहे. हे बी पाण्याबरोबर पसरते. सर्वांत सोपी खूण म्हणजे पान चुरगळा. माक्याचा रस हवा लागताच काळा पडतो, बोटे काळी होतात. पूर्वी गोंदताना सुईने टोचलेल्या जागी हा पाला चोळीत, म्हणजे गोंदण निळे-काळे उमटे.

माझी आजी खोबरेल तेलात माक्याचा रस घालून मंद आचेवर कढवते. तडतड थांबली की पाणी आटले असे समजायचे, मग गाळायचे. कावीळ झाली की काहीजण माक्याचा रस पाजतात आणि डॉक्टरकडे जायला उशीर करतात. ते मला पटत नाही. डोक्याला लावणे वेगळे आणि पोटात घेणे वेगळे. आधी दवाखाना गाठावा.

आता हे तण मुद्दाम का लावायचे? कारण बेणणीची मजुरी परवडत नाही म्हणून बांधावर तणनाशक फवारतात. शेतकऱ्याला दोष देता येत नाही, भातात माका म्हणजे तणच. पण फवारलेला पाला तेलात घालणे धोक्याचे. शिवाय पितृपक्षात श्राद्धाला माका लागतो, त्या वेळी आया-आज्या तो शोधत फिरतात. म्हणून आम्ही शाळेच्या टाकीमागे, जिथे पाणी गळते तिथे, वाफे केले.

गुरुजींनी मुद्दाम दोन वाफे करायला लावले. दोन्हींत शेणखत घातले. बी फार बारीक, म्हणून वाळूत मिसळून पेरले. एका वाफ्यात वरून माती लोटली, दुसऱ्यात बी उघडेच ठेवून नुसते हाताने दाबले. आठवड्याने उघड्या वाफ्यात हिरवी लव आली. मातीखालच्या वाफ्यात जेमतेम चार-पाच रोपे! माक्याच्या बीला उगवायला उजेड लागतो. झारीने हलके पाणी द्यावे, धार सोडली तर बी वाहून जाते.

रोपाला चार-सहा पाने आली की वीतभर अंतरावर लावावे. बी नसेल तर दोन-तीन पेरांचा तुकडा चिखलात आडवा दाबावा, पेरांना मुळ्या फुटतात. लागवड जूनमध्येच करावी. उन्हाळ्यात बोरिंगचे पाणी मचूळ होते, रोप कोमेजते. साधारण दीड महिन्यात फुले येतात. तेव्हा मुळासकट न उपटता जमिनीपासून चार बोटे वर कापावे, पुन्हा फुटवा येतो. पाला सावलीत वाळवावा. बोंबलासारखा वलांडीवर उन्हात टांगू नये, रंग जातो.

काही झाडे बीसाठी राखली आहेत. बोंड काळपट झाले की बी तयार. ज्यांना हवे त्यांनी रिकामी काडेपेटी घेऊन मधल्या सुट्टीत सातवीच्या वर्गात यावे. पालकांनीही यावे. दोन चिमटी बी एका वाफ्याला पुरते.

— इयत्ता ७ वी