आगोटीच्या यादीत पॅनेल

मालवणच्या किनाऱ्याला लागून आमचं घर, भोवती माडांची बाग आणि गच्चीवर तीन किलोवॅटची सहा सोलर पॅनेल. येणारा प्रत्येक पाहुणा वर बघतो आणि विचारतो, "वादळात टिकणार का हो ही?" वादळाची काळजी रास्तच आहे. पण गावातल्या गच्च्या बघून माझं मत असं झालंय, की वादळाने पॅनेलं जातात त्याहून जास्त आपल्या हातापायांनी जातात. वादळ आलं तरी ते बहुधा माणसाने आधी करून ठेवलेल्या ढिलाईवरच बोट ठेवतं.

१. गारांपेक्षा नारळाला भ्या.
पॅनेलची काच टफन केलेली असते. कारखान्यातल्या चाचणीत तिच्यावर २५ मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने मारतात. गारा हा तसा विदर्भ-मराठवाड्याचा घोर, आमच्याकडे त्या क्वचितच. पण दीड किलोचा असोला नारळ दहा मीटरवरून सुटला, तर त्याचा तडाखा त्या चाचणीतल्या गोळ्याच्या सत्तर पटीहून मोठा भरतो. त्याला कुठल्याही कंपनीची काच पुरी पडणार नाही. म्हणून गच्चीकडे झुकलेल्या माडांचे नारळ पिकून पडायची वाट बघायची नाही. पाडेल्याला वेळेवर बोलवायचं, सुकलेली चुडतंही त्याच फेरीत उतरवून घ्यायची आणि नारळ दोरीने खाली सोडायला सांगायचं. यात कंजुषी नको. पाडेल्याची मजुरी एका पॅनेलच्या किमतीपुढे काहीच नाही.

२. वारा खालून उचलतो.
पॅनेलवर वारा आदळेल अशी भीती लोकांना वाटते. खरा जोर असतो तो खाली शिरून उचलणाऱ्या वाऱ्याचा, मंगलोरी कौलं उडतात तसाच. शिवाय वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं, तेव्हा सिंधुदुर्गात विजेचे खांब आडवे झाले. हल्ली खाली कपडे वाळत घालता यावेत म्हणून सांगाडा सात-आठ फूट उंच करून मागतात. सोय आहे, पण वाऱ्याला आयतं दार मिळतं. उंच हवाच असेल, तर तिरके आधार आणि पायाला काँक्रीटचे चौथरे यांत तडजोड करू नये. पावसाळी शेडच्या पत्र्यावर पॅनेल बसवणार असाल, तर आधी शेडचेच खांब तपासा.

आणि वादळाचा इशारा आला म्हणून पॅनेलवर ताडपत्री बांधू नका. तिचं शीड होतं.

३. खारं वारं बारा महिने काम करतं.
आगोटीला आपण कौलं परततो, लाकडं आत घेतो, पडवीला झडी बांधतो. त्याच यादीत पॅनेलचे नटबोल्ट घालावेत. समुद्राजवळ साधे बोल्ट गंजून त्यांची फुलं होतात, म्हणून ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्यावं. सांगाडा गरम जस्तात बुडवून काढलेला असावा. गच्चीवर येऊन कापलं किंवा वेल्डिंग केलं, की तिथलं जस्त जळतं आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. त्या जागी लगेच जस्ताचा रंग लावून घ्या. नुसता चंदेरी रंग फासून पैसे मागणारे भेटतात.

४. पॅनेलवर पाय नाही.
बसवायला आलेले मुलगे खुशाल वर चढतात. "काय होवचा नाय, काका." काचेला खरंच काही होत नाही. तिच्यामागच्या सिलिकॉनच्या चकत्यांची जाडी मात्र मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी असते. त्यांना पडलेली चीर डोळ्यांना दिसत नाही. पुढे ती वाढते, तो भाग तापू लागतो, वीज कमी होते, आणि तोवर मुलगे दुसऱ्या गावाला गेलेले असतात.

५. धुण्याचा सोस आवरा.
जून ते सप्टेंबर पाऊसच धुतो. या दिवसांत फक्त खालच्या चौकटीशी साचणारा गाळ आणि शेवाळ पुसून काढावं, कारण त्याची सावली खालच्या सेलांवर पडते. दिवाळीनंतर मात्र रस्त्याची तांबडी धूळ आणि कावळ्यांची कृपा यांच्यासाठी बादली उचलावी लागते. धुवायचं ते उन्हं वर यायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं की काचेवर ताण येतो. मऊ फडकं किंवा लांब दांड्याचा मऊ ब्रश पुरे. राख, भांड्यांची पावडर, तारेची घासणी यांना गच्चीवर बंदी. मोटार धुवायच्या जोरदार फवाऱ्यालाही बंदी, त्याने कडांचं सील उखडतं. विहिरीचं पाणी मचूळ असेल, तर शेवटचा हात गोड्या पाण्याचा द्यावा, नाहीतर क्षारांचे डाग बसतात.

६. वांदरांना आमंत्रण देऊ नका.
मे महिन्यात गच्चीवर आंबोशी, सोलं, फणसाचे पापड वाळत असतात. त्यांच्या वासाने वांदर येतात, पॅनेलवरून उड्या मारतात आणि लोंबणाऱ्या वायरींना लटकतात. वाळवण अंगणात हलवणं सोपं. वायरी पाइपात घालाव्यात. त्या बांधायच्या पांढऱ्या प्लास्टिक पट्ट्या उन्हाने कडक होऊन तुटतात, त्यापेक्षा स्टीलच्या पट्ट्या बऱ्या. वायरी पाइपात असल्या की उंदीर आणि खारीही दूर राहतात.

७. आकाशातली वीज.
गच्चीवर उंच दांडा दिसला की लोक निर्धास्त होतात. तो थेट पडणाऱ्या विजेसाठी. जवळपास वीज पडली की तारांतून जो झटका येतो, तो अडवायला पेटीत एसपीडी असतो. त्याची छोटी खिडकी हिरवी असेल तर ठीक, लाल झाली तर तो कामी आला, बदला. पेटी उघडून ती खिडकी बघणारा घरमालक मला अजून भेटायचाय. दोन्हींचा जीव अर्थिंगमध्ये. दांड्याचं, पॅनेलच्या बाजूचं आणि घराच्या बाजूचं अर्थिंग वेगवेगळं हवं. आमच्या कातळात हेच अवघड. सुका जांभा वीज सहज जमिनीत जाऊ देत नाही, म्हणून खड्डा मातीच्या, ओलाव्याच्या जागी घ्यावा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहावं.

८. फुटलं तर हात लावू नका.
इन्व्हर्टर बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनेलं वीज करतच राहतात. सहा पॅनेलं एका माळेत असली की अडीचशे-तीनशे व्होल्ट होतात. फुटक्या काचेतून पावसाचं पाणी आत गेलं की तो प्रवाह चौकटीतही उतरू शकतो. जाणकार येईपर्यंत मुलांना गच्चीवर सोडू नये.

पंचवीस वर्षांच्या वॉरंटीचा इथे उपयोग नाही. ती वीज किती निघेल याची असते, नारळाची नव्हे. घराचा विमा असेल, तर पॅनेलची किंमत त्याच्या रकमेत धरली आहे का ते बघा, आणि प्रत्येकाच्या मागचा नंबर दिसेल असे फोटो काढून ठेवा. माळेतली सगळी पॅनेलं सारख्या प्रवाहाची लागतात आणि बाजारात दर दोन-तीन वर्षांनी नवं वॅटेज येतं, जुनं मिळत नाही. म्हणून बसवतानाच एक जास्तीचं घ्यावं आणि आडवं न टाकता भिंतीशी उभं ठेवावं. आमचं माजघरात उभं आहे. मेहुणे दर गणपतीला विचारतात, "हे असंच ठेवलंय, तर आमच्या पंपाला देता का?"