हफीतचा घाट चढण्याआधी

धामणकर नाका, भिवंडी
२ नोव्हेंबर

चि. समीर यास,


जबल हफीतवर सायकलने जायचं ठरवलंस, हे ताईकडून कळलं. तिच्या जिवाला घोर लागलाय. मला मात्र आनंद झाला. यूएईत अल ऐनला नोकरी आणि डोक्यावर तो डोंगर, मग चढायचा नाही तर काय करायचं? जरूर जा. फक्त आधी हे पत्र पुरतं वाच. फोनवर तू नुसता ‘हो मामा, हो मामा’ करतोस, म्हणून लिहायला बसलो.

सायकल तू या नाक्यावर शिकलास. रिक्षा, टेंपो, कापडाच्या ताग्यांनी भरलेल्या गाड्या, गोदामांकडे वळणारे कंटेनर, यांच्यातून वाट काढणं तुला कुणी शिकवायला नको. पण आपल्याकडे चढ म्हणजे उड्डाणपूल, तोही मिनिटभराचा. घाटाची अक्कल या गावात मिळत नाही. मला ती कसारा घाटाने दिली. भिवंडी-नाशिक ट्रकने माल वाहण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

कसाऱ्याला रेल्वेची चढण ३७ला १ आहे, म्हणजे शंभर मीटरमागे पावणेतीन मीटरही नाही. तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, तू लहानपणी खिडकीतून पाहिली आहेस. हफीतच्या रस्त्यावर शंभर मीटरमागे साडेसहा-सात मीटर आहेत, काही तुकडे ११पर्यंत जातात, आणि हे जवळपास ११ किलोमीटर चालतं. तुला मागून ढकलायला कुणी नाही. तेव्हा पायथ्याशी जोर दाखवू नकोस. पहिले दोन किलोमीटर सायकल अशी चालव की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं की गियर हलका कर. मागच्या चक्राला ३२ दाते नसतील तर बदलून घे, त्यात कमीपणा नाही. २०२१ आणि २०२२च्या यूएई टूर या सायकल शर्यतीत तादेय पोगाचारने हफीतवरचा टप्पा जिंकला, ते व्हिडिओ तू पाहतोस हे मला माहीत आहे. पण शर्यतीतल्या सायकलपटूंसाठी रस्ता बंद ठेवलेला असतो. तुझ्यासाठी नसणार.

चढाचं एवढं पुरे. चढताना फार तर दम संपेल, बाजूला उतरून बसशील. माझी काळजी आहे ती उताराची. माथ्यावर पोचलास, अल ऐनची खजुरीची बनं आणि पलीकडची वाळू बघितलीस, फोटो काढलेस, म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं थकलेल्या पायांनी आणि खूश झालेल्या डोक्याने करायचं असतं. माणूस तिथेच गाफील होतो.

माझ्या उस्तादाने पहिल्याच फेरीला सांगितलं होतं : ज्या गियरात घाट चढतोस, त्याच गियरात उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणाऱ्या गाड्या मी घाटाखाली उभ्या पाहिल्या आहेत. मागच्या चाकांतून धूर, जळक्या लायनरचा नाकात बसणारा वास, क्लीनर चाकाखाली दगड सरकवतोय आणि ड्रायव्हरचे हात थरथरताहेत. त्या तापल्या ड्रमवर पाणी मारायचं नसतं, तडकतो. गप्प बसून तो निवण्याची वाट बघायची. ब्रेक सतत दाबून धरला की तापतो, आणि तापला की नेमका गरजेच्या वेळी दगा देतो. ट्रकला निदान इंजिन धरून ठेवतं. सायकलला तेही नाही. म्हणून वेग वळणाआधी सरळ रस्त्यावरच तोड, दोन्ही ब्रेक ठाम दाब, मग सोड, त्यांना वारा लागू दे. मधल्या पट्ट्यात ताठ बस आणि छाती वाऱ्याला दे, तोही एक ब्रेकच आहे. वळणात शिरल्यावर नजर चाकापुढे नको, वळण जिथे सुटतं तिथे ठेव.

आता तुझ्या रस्त्याची खास गोष्ट. हफीतला वर जायला दोन लेन आहेत आणि खाली यायला एकच. म्हणजे उतरताना मोटारी तुझ्या पाठीमागेच राहणार. शिवाय तिकडे सगळं उजव्या हाताला. तुझं अंग आपल्या रस्त्यांवर डावीकडे राहायला शिकलंय. घाबरलेल्या क्षणी ते डावीकडेच ओढतं आणि तिथे समोरून येणारी गाडी असते. आधी सपाट रस्त्यावर उजवीकडची सवय पक्की कर. साठेक वळणं आहेत, तेवढ्या वेळा विचार करायला सवड मिळत नाही.

वाळवंटातल्या उताराचं एक उदाहरण सांगतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर. त्या शर्यतीत सुरुवातीलाच कॅलिफोर्नियाचे डोंगर ओलांडून बोरेगो स्प्रिंग्जच्या वाळवंटात उतरणारा लांबलचक घाट आहे. त्याला ‘ग्लास एलिव्हेटर’ म्हणतात, कारण काचेच्या लिफ्टमधून दिसावं तसं खालचं वाळवंट समोर दिसत राहतं. तिथले जाणकार सांगतात, नजर देखाव्यावर नाही, रस्त्यावर. आडवा वारा वळणावर अचानक सायकल हलवतो आणि खाली जून महिन्याची भट्टी. तुझ्याकडेही वारा तसाच आणि वळणाच्या कडेला वाळूचा पातळ थर. त्यावर ब्रेकही नको, कलणंही नको. पाऊस झाला तर तो दिवस सोडच. कसाऱ्याला पहिल्या सरीत तेल-धुळीचा जो चिखल होतो, त्यावर मातब्बर ड्रायव्हरही गाडी बाजूला घेतात.

पहाटे अंधारातच नीघ, मागे-पुढे दिवा लाव. मीठ-साखर-लिंबाचं पाणी दोन बाटल्या ने आणि तहान लागायच्या आधी घोट घेत राहा. वर पोचल्यावर ओला शर्ट बदल, विंडचीटर घाल. घामाने भिजलेल्या अंगाला उताराचा वारा लागला की बोटं आखडतात, आणि ब्रेक बोटांनीच दाबायचा असतो.

एकटा जाऊ नकोस. निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही ब्रेकचे पॅड दुकानात दाखव, झिजले असतील तर नवे बसव, आणि त्या पॅडचा फोटो मला पाठव. ताईला काय सांगायचं ते मी बघतो.

तुझा,
मामा