बाजार, पेठ आणि उठाव

वाशीम जिल्ह्यातील मंगरुळपीर तालुक्यात शेलूबाजार नावाचे गाव आहे. गावाच्या नावातच ‘बाजार’ आहे. हा शब्द मूळचा फारशी. परंतु तो आता आपल्या घरचाच झाला आहे. अलीकडे त्याच्या शेजारी ‘मार्केट’ हा इंग्रजी शब्द येऊन बसला आहे.

कल्पना करा, तुरीच्या हंगामात एका शेतकऱ्यास परगावच्या व्यापाऱ्याचा इंग्रजी निरोप आला: ‘नो मार्केट फॉर तूर.’ नातवाने तो वाचून सांगितले, ‘आबा, आज तुरीचा बाजार नाही.’ बाजार उद्या भरेल असे समजून आबा दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीतून तूर घेऊन गेले. बाजार तर गजबजलेला होता. पण तुरीला गिऱ्हाईक नव्हते. माल परत आणावा लागला आणि गाडीभाडे अंगावर पडले. व्यापाऱ्यास म्हणावयाचे होते, ‘तुरीला सध्या उठाव नाही.’ नातवाला शब्द ठाऊक होता. अर्थाची निवड मात्र चुकली.

‘मार्केट’ या एका शब्दात इंग्रजी माणूस कितीतरी गोष्टी सांगतो. मराठीत त्यांना निरनिराळे शब्द आहेत. ठरलेल्या वारी भरतो तो आठवडी बाजार किंवा हाट. रोजच्या भाजीपाल्याची ती गुजरी. भाजी-फळांसाठी बांधलेली इमारत म्हणजे मंडई. पुण्याची महात्मा फुले मंडई १८८६ साली खुली झाली, तेव्हा तिचे नाव ‘रे मार्केट’ असे होते. कायमच्या दुकानांची वस्ती ती पेठ. मालाला मागणी असली, तर त्याला उठाव आहे असे म्हणतात. किंमत चढली की तेजी, उतरली की मंदी.

हे शब्द एकमेकांचे सोयरे आहेत, जुळे भाऊ नव्हेत. ‘मी बुधवार पेठेत राहतो’ असे म्हणता येते. ‘मी बुधवारच्या बाजारात राहतो’ असे म्हटल्यास लोक हसतील.

मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. असे कोश शब्दापुढे अनेक अर्थ मांडून ठेवतात. त्यांतून योग्य तो उचलणे हे वाचकाचे काम. म्हणून भाषांतर करताना आधी विचारावे: येथे जागा सांगितली आहे, वार, मागणी की भाव?

स्वाध्याय: ‘मार्केट’ हा शब्द न वापरता लिहा.
(१) मार्केट पडले. (२) आईने मार्केटमधून भाजी आणली. (३) या संत्र्यांना परदेशात मार्केट आहे.