बँक बुडाल्यास ठेवी व कर्जे यांचे काय होते?

कापसाचा हंगाम सुरू झाला की आदिलाबादच्या बाजारात पैनगंगेच्या काठावरील बेला-जैनथकडील गाड्यांची रीघ लागते. पूर्वी विक्रीचा पैसा रोख हाती येई. आता हमीभावाने विकलेल्या कापसाची रक्कम थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होते. पुष्कळदा त्याच बँकेचे पीककर्जही त्याच्या नावावर असते. वर्षभराची कमाई व वर्षभराचे देणे एकाच बँकेच्या वहीत नोंदलेले असताना ती बँकच अडचणीत आली तर काय होईल, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक खातेदाराच्या हिताचा आहे.

या बाबतीत दोन गैरसमज आढळतात. ‘बँक बुडाली, आता ठेवीचा एक पैसाही मिळणार नाही’ हा पहिला, आणि ‘बँक बुडाली, तेव्हा कर्जही फिटले’ हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत. पहिल्यामुळे माणूस घाबरून कवडीमोलाने आपला हक्क सोडतो, तर दुसऱ्यामुळे तो थकबाकीदार ठरतो.

पूर्वपीठिका

आपल्याजवळच्या कापूस पट्ट्यातच या विषयाचा मोठा धडा घडला. 1960 साली अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्याच वर्षी केरळमधील पलाई सेंट्रल बँकही बंद पडली. त्या काळी ठेवींना विम्याचे संरक्षण नव्हते. बँकेची मालमत्ता विकून जे येईल त्याची वाट पाहणे एवढेच ठेवीदारांच्या हाती होते. या दोन घटनांनंतर संसदेने 1961 मध्ये ठेव विमा महामंडळाचा कायदा संमत केला व 1 जानेवारी 1962 पासून ठेव विमा योजना सुरू झाली. 1968 च्या दुरुस्तीने सहकारी बँकांनाही या योजनेत आणण्याची तरतूद झाली. आज हे काम ठेव विमा व पतहमी महामंडळ पाहते.

प्रारंभी विम्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारास 1,500 रुपये होती. 1980 मध्ये ती 30,000 रुपये, 1993 मध्ये 1 लाख रुपये व 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 लाख रुपये झाली. विम्याचा हप्ता बँक भरते. ठेवीदाराकडून तो वसूल करता येत नाही.

संरक्षण कोणत्या संस्थेतील ठेवीस?

राष्ट्रीयीकृत व खाजगी बँका, ग्रामीण बँका, नागरी सहकारी बँका व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका यांतील ठेवी विम्याखाली येतात. गावातील प्राथमिक कृषी सहकारी संस्था व पतसंस्था यांतील ठेवींना मात्र हे संरक्षण नाही. अशा संस्थेने सभासदांचा पैसा पुढे जिल्हा बँकेत ठेवला असला, तरी जिल्हा बँकेच्या दृष्टीने ती संस्था हाच एक ठेवीदार असतो. दोन टक्के अधिक व्याजाच्या आशेने पैसा ठेवण्यापूर्वी हा भेद ध्यानी घ्यावा. विमा उतरविलेल्या बँकेच्या शाखेत महामंडळाचे माहितीपत्रक लावलेले असते. ते न दिसल्यास व्यवस्थापकास स्पष्ट विचारावे.

5 लाखांची मोजणी

ही मर्यादा प्रत्येक खात्यास नसून एका बँकेतील एका ठेवीदारास आहे. बचत, चालू, मुदत व आवर्त अशा सर्व ठेवी, मग त्या त्याच बँकेच्या निरनिराळ्या शाखांत असोत, एकत्र मोजल्या जातात. मुद्दल व व्याज दोन्हीही या रकमेत येतात. दुसऱ्या बँकेतील ठेव मात्र स्वतंत्र धरली जाते. तसेच पतीच्या एकट्याच्या नावावरील खाते व पती-पत्नींचे संयुक्त खाते यांना वेगवेगळे संरक्षण मिळते.

ठेव देण्यापूर्वी बँकेचे त्या व्यक्तीकडील येणे वजा केले जाते. समजा, एका शेतकऱ्याची सर्व ठेव व्याजासह 6,50,000 रुपये आहे आणि त्याच्याकडे 2,00,000 रुपये कर्ज येणे आहे. वजावटीनंतर 4,50,000 रुपये उरतात. ते मर्यादेच्या आत असल्याने संपूर्ण रक्कम विम्यातून मिळते. कर्ज नसते तर विम्यातून 5,00,000 रुपये मिळाले असते व उरलेल्या 1,50,000 रुपयांसाठी त्यास मालमत्तेच्या विक्रीची वाट पाहावी लागली असती. याउलट ठेव 80,000 रुपये व कर्ज 2,00,000 रुपये असेल, तर विम्यातून काहीही मिळत नाही आणि 1,20,000 रुपयांचे देणे कायम राहते.

कर्जाचे काय?

ठेव हे बँकेचे देणे, तर कर्ज हे बँकेचे येणे होय. बँक बंद पडली म्हणून तिचे येणे नाहीसे होत नाही. ठेवीदारांचे पैसे परत देण्यासाठी मुख्यतः याच येण्याचा आधार असतो. म्हणून बँकेचे अवसायन झाल्यास अवसायक कर्जे वसूल करतो आणि विलीनीकरण झाल्यास कर्जखाती दुसऱ्या बँकेकडे जातात. व्याज चालू राहते, जमीनदस्तावरील बोजा कायम राहतो व जामीनदाराची जबाबदारीही संपत नाही. गहाण सोने कर्ज फेडल्यावर परत मिळते. सुरक्षा कप्प्यातील वस्तू मात्र खातेदाराच्याच असतात. त्या बँकेची मालमत्ता नव्हेत.

कर्जमाफी ही शासनाची योजना असते. बँकेचे बुडणे ही कर्जमाफी नव्हे, हे गावोगावी समजावून सांगणे आवश्यक आहे.

प्रत्यक्ष क्रम कसा असतो?

बहुधा प्रथम रिझर्व्ह बँक निर्देश जारी करून पैसे काढण्यावर मर्यादा घालते. 23 सप्टेंबर 2019 रोजी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर असे निर्बंध आले, तेव्हा खातेदारास आरंभी केवळ 1,000 रुपये काढता येत होते. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. जानेवारी 2022 मध्ये त्या बँकेचे युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाले. 5 लाखांपर्यंतची रक्कम विम्याच्या आधारे देण्याची व त्यावरील रक्कम दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीत फेडण्याची योजना ठरली. पुण्याची 1912 साली स्थापन झालेली रुपी सहकारी बँक 2013 पासून निर्बंधांखाली होती. सप्टेंबर 2022 मध्ये तिचा परवाना रद्द झाला. म्हणजे ठेवीदारांची अनिश्चितता नऊ वर्षांहून अधिक काळ टिकली.

असा दीर्घ ताटकळा टाळण्यासाठी 2021 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आता असे निर्बंध लागू झाल्यावर बँकेने 45 दिवसांत ठेवीदारांची यादी महामंडळास द्यावयाची असते व पुढील 45 दिवसांत महामंडळाने विम्याची रक्कम देणे अपेक्षित असते. विलीनीकरणाचा विचार चालू असल्यास ही मुदत वाढू शकते. थेट परवाना रद्द होऊन अवसायन सुरू झाल्यास अवसायक तीन महिन्यांत यादी सादर करतो व ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत महामंडळ रक्कम देते. 5 लाखांवरील ठेव मात्र मालमत्तेच्या वसुलीवर अवलंबून राहते.

खातेदारांची कर्तव्ये

पासबुक दरवेळी भरून घ्यावे. ठेवपावत्या व कर्जभरण्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. नाव, पत्ता, ओळखपत्र व वारसाची नोंद अद्ययावत असावी, कारण विम्याच्या यादीतील नोंद सदोष असल्यास पैसे अडकतात. निर्बंध लागल्यावरही कर्जाचे हप्ते अधिकृत ठिकाणीच भरावेत व पावती घ्यावी. ‘तुमची ठेव निम्म्या किमतीत घेतो’ असे सांगणाऱ्या मध्यस्थास कागदपत्रे देऊ नयेत.

मुलीच्या लग्नासाठी किंवा विहिरीसाठी साठविलेली रक्कम कोणत्या संस्थेत, किती व कोणाच्या नावावर आहे, याचा हिशेब बँक सुस्थितीत असतानाच करावा. निर्बंधाची नोटीस दारावर लागल्यावर त्या हिशेबात बदल करण्याची संधी राहत नाही.