आशेचं खरेदीखत

आजचे शास्त्रभाग: यिर्मया ३२:६-१५ आणि योहान ४:५-३०



विश्वास, आशा आणि प्रीती हे तीन शब्द आपण इतक्या लग्नांत ऐकलेत की ते आता लग्नपत्रिकेचेच वाटतात. पण पौलाने ते लिहिले ते भांडणाऱ्या, गटागटांत विभागलेल्या करिंथच्या मंडळीला. म्हणजे हे शब्द कामाचे आहेत. आज त्यातल्या आशा आणि प्रीती या दोघींकडे बघू, आणि त्या एकत्र आल्या की समाजात नेमकं काय हलतं ते पाहू.

आधी यिर्मया. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय. यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. शहर पडणार, हे तोच सगळ्यांना सांगतोय. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत विकत घे. कुठलाही शहाणा माणूस नाही म्हणेल. यिर्मया मात्र देवाच्या सांगण्यावरून १७ शेकेल रुपं तोलून देतो. खरेदीखत होतं, साक्षीदारांच्या सह्या होतात. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही बारूखच्या हातात देऊन तो त्या मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, त्याने बॅकअपसुद्धा नीट घेतला!

गंमत बघा, यिर्मयाला त्या शेतात पीक घेता आलं नाही. शहर पडलं आणि पुढे लोक त्याला मिसरात घेऊन गेले. तरी त्याने पैसे मोजले, कारण देव या जमिनीला उद्या देणार आहे हे त्याने खरं मानलं. बायबलमधली आशा ही अशी असते. "सगळं ठीक होईल" असं ती नुसतं म्हणत नाही, आज खिशात हात घालते.

आता योहान ४. भरदुपारी याकोबाच्या विहिरीवर एक शोमरोनी स्त्री येते. यहूदी आणि शोमरोनी यांचा व्यवहार नव्हता. येशू तिच्याशी बोलतो, आणि सुरुवात उपदेशाने न करता स्वतः पाणी मागून करतो. तिच्याकडेही देण्यासारखं काही आहे, हे तो आधी मान्य करतो. मग उपासनेबद्दलचं इतकं खोल शिक्षण तो तिलाच देतो. ती घागर तिथेच टाकून गावात जाते आणि गाव तिचं ऐकून बाहेर येतं. जिला कोणी विचारत नव्हतं, ती बातमी आणणारी झाली.

हा दुसरा भाग आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात थेट शिरला आहे. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. वय २५. पती बिपिनबिहारी वारलेले, सोबत लहानगी मनोरमा. १८७० च्या दशकात उपासमारीच्या भटकंतीत त्यांनी आईवडील आणि मोठी बहीण गमावली होती. संस्कृतवरच्या प्रभुत्वामुळे कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं होतं. इंग्लंडमध्ये त्यांना लंडनच्या फुलम भागातलं एक घर दाखवण्यात आलं. समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांची तिथे सिस्टर्स सेवा करत होत्या. अशा बायकांना कोणी इतक्या मायेने वागवतं, हे रमाबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं. हे का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरने त्यांना शोमरोनी स्त्रीची ही गोष्ट वाचून दाखवली. त्याचा आपल्यावर खोल परिणाम झाला, असं त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात नोंदवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे त्यांनी आधी प्रीतीचं काम बघितलं आणि मग त्यामागचं वचन ऐकलं. हा क्रम लक्षात ठेवू या.

११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. उच्चवर्णीय विधवांसाठी निवास आणि शाळा. दुसऱ्या वर्षी ते पुण्यात आलं. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी १० वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं होतं. मग पुढे काय? संस्थेला स्वतःचं उत्पन्न हवं म्हणून रमाबाईंनी पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला शेतजमीन घेतली. मला इथे यिर्मया आठवतो. कारण थोड्याच दिवसांत १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. त्यांना ठेवायचं कुठे? तेच शेत होतं. तिथे 'मुक्ती' उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजाराच्या वर गेली.

पण मला सगळ्यात जास्त शिकवते ती पुढची गोष्ट. दुष्काळात जेवण देणं हीच मोठी प्रीती होती. रमाबाई तिथे थांबल्या नाहीत. विहिरी खणल्या, शाळा काढली, विणकाम, शेती आणि छापखाना सुरू केला. अंध मुलींना शिकवायची सोय केली. जी मुलगी उद्या जगेल असं कोणाला वाटत नव्हतं, तिच्या हातात खिळे जुळवायचं काम दिलं. प्रीती तिला आज जेवू घालते. आशा म्हणते, ही १० वर्षांनी कोण असेल त्याची तयारी आज करू. नुसती प्रीती असती तर अन्नछत्र झालं असतं. नुसती आशा असती तर छान योजना झाली असती, कागदावर.

याच छापखान्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं. एवढी मोठी संस्कृत पंडिता, पण भाषा जाणूनबुजून साधी ठेवली, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. हीसुद्धा विहिरीवरचीच गोष्ट नाही का?

एक अवघड बाजूही वाचायला हवी. १८९३ मध्ये शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव टाकला जातो, या आरोपावरून पुण्यात मोठं वादळ उठलं. 'केसरी'ने कडक टीका केली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. हा प्रश्न आजही आपल्याला विचारला जातो: तुमच्या प्रेमाला अट आहे का? बचावाच्या घाईत हा प्रश्न झटकू नका. येशूने त्या स्त्रीकडे पाणी मागितलं तेव्हा आधी कुठली अट घातली नव्हती.

आणि आशेचं पीक कुंपणाच्या बाहेरही येतं. शारदा सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत बालविधवा गोदूबाई होत्या. १८९३ मध्येच त्यांचं धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झालं. गावाने बहिष्कार टाकला. पण पुढे कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं. गोदूबाई हिंदूच राहिल्या. म्हणून रमाबाईंची आशा वाया गेली का? मला तर वाटतं, पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, असं येशू याच योहान ४ मध्ये पुढे सांगतो, ते हेच.

गेल्या डिसेंबरात आमच्या तरुण संघाने वस्तीत ब्लँकेटं वाटली. एका मावशींनी ब्लँकेट घेतलं, आशीर्वाद दिला आणि विचारलं, "बाळा, माझ्या पोरीला गणित कोण शिकवंल? दहावीला हाय ती." ब्लँकेटची गरज खरी होती. पण मावशींनी आमच्याकडे शेत विकायला काढलं होतं. आता दर शनिवारी आमच्यातले दोघं तिथे शिकवतात. निकाल काय लागेल कोणास ठाऊक. यूपीआयने पैसे पाठवायला पाच सेकंद लागतात, शनिवार मात्र पूर्ण द्यावा लागतो.

आजसाठी: अशी एक व्यक्ती आठवा, जिच्या 'उद्या'वर कोणीच पैसा किंवा वेळ लावत नाही. तिला आधी काहीतरी विचारा, तिचं ऐका. मग पुढच्या वर्षभरासाठी एक लहान, ठरलेली गोष्ट कॅलेंडरमध्ये टाका.

प्रार्थना: प्रभू येशू, तू विहिरीवर थांबलास, पाणी मागितलंस. आम्हालाही थांबायला शिकव. आमची प्रीती आजची भूक ओळखो आणि आमची आशा उद्याची किंमत आज मोजो. पीक आम्हाला दिसलं नाही तरी पेरत राहायचं बळ दे. आमेन.